सांगलीहून रॉक कॉन्सर्टला जाताय? आधी परतीचं बघा

आवडता बँड येणार अशी बातमी फुटली की पोरगं घरात जाहीर करतं, "मी मुंबईला चाललो." आई विचारते, "आणि परत कसा येणार?" पोराला वाटतं, हिला त्या गिटारीतलं काय कळतंय. पण या सगळ्या खटाटोपातला मुद्द्याचा प्रश्न तोच आहे. नेरूळच्या किंवा कोथरूडच्या माणसाला कॉन्सर्ट म्हणजे संध्याकाळचा एक कार्यक्रम. सांगली, मिरज, कऱ्हाड, साताऱ्याच्या माणसाला तो दीड-दोन दिवसांचा मामला होतो. त्यातला बँड जेमतेम दोन तासांचा, बाकी सगळा प्रवास, रांग आणि वाट बघणं. पहिल्यांदाच निघालेल्या, गाणी तोंडपाठ पण मैदान कधी न पाहिलेल्या मंडळींसाठी हे लिहितोय. क्रम थोडा उलटा वाटेल, कारण मी शेवटापासून सुरुवात करणार आहे.

रात्री दहाचा हिशोब

ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आपल्याला गणपतीमुळे पाठ आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देणार. हाच नियम मोठ्यातल्या मोठ्या बँडलाही लागतो. त्यामुळे मैदानावरचा किंवा स्टेडियममधला कार्यक्रम बहुतेक वेळा दहाच्या ठोक्याला आटोपतो. मुख्य बँड साधारण आठच्या सुमारास मंचावर येतो आणि वेळेवर येतो, कारण उशीर केला तर त्याचीच गाणी कापली जातात. आपल्याकडे साडेसहाचं नाटक सातला सुरू होतं, म्हणून निवांत जाऊ, हा हिशोब इथे चालत नाही.

म्हणजे दहा वाजता तुम्ही आणि आणखी तीस-चाळीस हजार माणसं एकाच वेळी रस्त्यावर येणार. मैदानातनं बाहेर पडायलाच पाऊण तास जातो. हे धरून परतीची गाडी ठरवा, आणि तिकीट काढायच्या आधी ठरवा.

रेल्वेचं बघू. जाताना महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची. रात्री सांगली-मिरजेत बसलं की सकाळी मुंबई. पण मुंबईहून परतीची महालक्ष्मी सुटते ती बँड मंचावर असतानाच, त्यामुळे त्या रात्री तिचा उपयोग शून्य. (आणि मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या कार्यक्रमाला जाणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की महालक्ष्मी एक्स्प्रेस महालक्ष्मी स्टेशनला जात नाही. ती मध्य रेल्वेची, नाव आपल्या कोल्हापूरच्या अंबाबाईचं. दादरला उतरून पश्चिमेच्या लोकलनं महालक्ष्मीला जायचं.) तेव्हा परतीला उरते ती रात्रीची ट्रॅव्हल्स, किंवा मुक्काम करून सकाळची गाडी.

ट्रॅव्हल्सची गंमत अशी की बोरिवली-दादरकडनं रात्री सुटणारी गाडी कळंबोलीला यायला तास-दीड तास घेते. कार्यक्रम नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमला असेल तर हेच आपल्या पथ्यावर पडतं. स्टेडियम सायन-पनवेल रस्त्याला लागूनच आहे. एरवी आपल्याकडच्या गाड्या नेरूळच्या एलपीला थांबतात, पण मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी पोलीस जड वाहनं वळवतात आणि एलपीचा थांबा बेभरवशाचा होतो. म्हणून बुकिंग करताना चढायचं ठिकाण कळंबोली टाका. नेरूळहून पनवेलची लोकल पकडून मानसरोवरला उतरायचं, तिथनं रिक्षा. बाराच्या पुढची गाडी घ्या, म्हणजे जीव खालीवर होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरचा कोणी सांगणार नाही. कोल्हापूरला जाणारी गाडी सांगलीत येत नाही. ती हायवेनं सरळ निघून जाते आणि तुम्हाला पहाटे पेठनाक्यावर सोडते. तिथनं सांगली अजून चाळीस किलोमीटर. पहिल्या एसटीची वाट बघत, कानात शिट्टी वाजत असताना, नाक्यावर बसायची हौस नसेल तर "व्हाया सांगली" आहे का ते फोन करून विचारा. ॲपवर दिसतं त्यावर जाऊ नका, ड्रायव्हरचा नंबर मिळाला की त्यालाच विचारा.

साताऱ्याच्या मंडळींचं बरंच सोपं आहे. पुण्याचा कार्यक्रम असेल तर 110 किलोमीटर म्हणजे काहीच नाही, जाताना स्वारगेटची विनाथांबा एसटी आणि येताना कात्रज किंवा नवले पुलावरनं खाली जाणारी कुठलीही गाडी. मुली बरोबर असतील तर एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, 2023 पासून, त्यात शिवनेरीही आली. खर्चाच्या वहीत तेवढीच एक सुखद ओळ.

स्वतःची गाडी? चौघं असाल, एकजण न पिणारा आणि दुपारी झोप काढलेला असेल, तरच. नाचून-ओरडून दमलेल्या माणसानं मध्यरात्री खंबाटकी उतरू नये. इथे मी कुणाशी वाद घालणार नाही.

मुक्काम नातेवाइकांकडे करायचा तर त्यांना आधीच स्पष्ट सांगा की यायला साडेबारा-एक होईल आणि जेवण नको. मुंबईच्या शेवटच्या लोकल बाराच्या पुढे सुटतात, पण आत्या डोंबिवलीला आणि कार्यक्रम महालक्ष्मीला असेल तर तो मुक्काम सोय नव्हे, शिक्षा आहे.

बँड कुठे येतो, आणि बंगळुरू का विसरू नये

आपल्या जिल्ह्यात गाण्याची कमी नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं केलं तेव्हापासून इथली माणसं नाटकाला बसतायत. मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं दर्ग्यात रात्र रात्र गाणं चालतं, आणि देशभरातल्या गवयांचे तंबोरे मिरजेतनंच जातात. पण मोठा रॉक बँड सांगलीत येत नाही. त्याला लागणारं मैदान, वीज, मंच आणि तिकीट घेणारी गर्दी हे सगळं एका जागी फार थोड्या शहरांत मिळतं.

मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्स ही सध्याची मोठी जागा. लोलापालूझा हा परदेशी महोत्सव 2023 पासून तिथे भरतो. 2025 च्या मार्चमध्ये तिथेच ग्रीन डे वाजवून गेले आणि त्याच वर्षी 17 मे रोजी गन्स एन रोझेस. वांद्रे-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीए मैदान ही दुसरी, कोल्डप्ले 2016 मध्ये तिथे आले होते. तिसरी आपल्या रस्त्यावरची, डी. वाय. पाटील. पुण्यात एनएच 7 वीकेंडर हा संगीत महोत्सव 2010 मध्ये सुरू झाला आणि त्यानं पुण्याला बरीच वर्षं रॉकवाल्यांची पंढरी केलं. एरवीही कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, मगरपट्ट्याच्या बाजूला काही ना काही चालू असतं. स्वारगेटला उतरून मेट्रोनं सिव्हिल कोर्ट, तिथे गाडी बदलून बंडगार्डन, असं वर यायचं. रिक्षावाल्याशी हुज्जत वाचते.

आणि बंगळुरू. भारतात जड संगीताचा, म्हणजे मेटलचा, खरा चाहता तिथे आहे. आयर्न मेडन 2007 मध्ये पहिल्यांदा भारतात आले ते बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर. मेटालिकानंही 2011 मध्ये तिथेच वाजवलं. कित्येक बँड अजूनही मुंबईला बगल देऊन तिकडे जातात. मिरजकरांना हे लांब वाटू नये, कारण राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रात्रभरात थेट बंगळुरूला नेऊन सोडते. पुण्याला एसटीत हाडं खिळखिळी करून घेण्यापेक्षा ते आरामाचं पडतं.

पहिलाच अनुभव असेल तर थेट पन्नास हजारांच्या गर्दीत उडी मारू नका, असं माझं मत आहे. आधी पुण्यात एखाद्या छोट्या जागेत, दोनशे-तीनशे माणसांत, अग्नी, इंडियन ओशन, परिक्रमा असा कुठला तरी आपला बँड ऐका. ढोल, गाबगुबी (बाउल गायकांचं तारेचं लोकवाद्य) आणि बास गिटार एकत्र वाजल्यावर छातीत काय होतं ते चार हात अंतरावरनं कळतं. कॉलेजात असाल तर पवईच्या आयआयटीचा मूड इंडिगो डिसेंबरात असतो. 1971 पासून चालू आहे, तिथे लाइव्हवायर ही बँडांची स्पर्धा असते आणि परदेशी बँडही येतात. पॉर्क्युपाइन ट्री 2009 मध्ये तिथेच वाजवून गेले. आधी नोंदणी करावी लागते, ती वेळेत करा.

तिकीट

कोल्डप्ले 2025 च्या जानेवारीत पुन्हा आले, त्या वेळी तिकिटांचं काय झालं ते बघितलं की निम्मे धडे मिळतात. 22 सप्टेंबर 2024 ला दुपारी बाराला बुकमायशोवर विक्री उघडली आणि ऑनलाइन रांगेत लोकांना लाखांतले नंबर लागले. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटं बघता बघता संपली, आणि काळ्या बाजारात त्याच तिकिटांचे भाव लाखावर गेले. पण त्याच दिवशी तिसरा कार्यक्रम, 21 जानेवारीचा, जाहीर झाला. पुढे अहमदाबादचे दोन दिवस आले. ज्यांनी घाईघाईनं ब्लॅकनं घेतलं त्यांनी हात चोळले.

तेव्हा पहिल्या दिवशी तिकीट नाही मिळालं म्हणून सैरभैर होऊ नका. वाढीव दिवस निघतात, अडवून ठेवलेली तिकिटं नंतर सुटतात. कार्यक्रमाच्या आठवड्यात अधिकृत ॲपवर रोज एकदा डोकावत राहा.

विक्रीच्या दिवशी करायच्या गोष्टी साध्या आहेत. ॲपमध्ये लॉगिन, पत्ता, कार्ड हे सगळं आदल्या रात्रीच भरून ठेवायचं. बऱ्याचदा एखाद्या बँकेच्या कार्डधारकांना एक-दोन दिवस आधी खिडकी उघडते, तसं कार्ड घरात कुणाकडे आहे का ते विचारून ठेवायचं. काकांचं कार्ड असेल तर ओटीपी काकांच्या फोनवर येणार, आणि त्या वेळी काका मार्केट यार्डात बेदाण्याच्या सौद्यात असणार. त्यांना फोन जवळ ठेवायला सांगा. रांगेत लागल्यावर पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करू नका, नंबर जातो. दाखवलेल्या किमतीवर सुविधा शुल्क आणि जीएसटी चढतो, तेव्हा बजेट वरचं धरा.

काही महोत्सवांना तिकिटाऐवजी मनगटाला बांधायचा पट्टा कुरिअरनं घरी येतो. आपल्या पिनकोडला तो पोचवतात का, हे तिकीट घेतानाच बघा. नसेल तर पुण्या-मुंबईतला पत्ता द्या. पट्टा एकदा आवळला की सैल होत नाही, म्हणून घरी हौसेनं घालून बघू नका.

ओळखीच्या कुणाकडून उरलेलं तिकीट घेताना एक लक्षात ठेवा. कार्यक्रम रद्द झाला तर पैसे मूळ खरेदीदाराच्या खात्यात जातात. हे घडतं. मेटालिकाच्याच 2011 च्या दौऱ्यात गुडगावचा कार्यक्रम सुरक्षेच्या गोंधळात ऐनवेळी रद्द झाला आणि दोन दिवसांनी बंगळुरूचा मात्र पार पडला. अनोळखी माणसानं पाठवलेला तिकिटाचा फोटो म्हणजे तर निव्वळ चित्र. एकच फोटो दहाजणांना विकलेला असतो, गेटवर पहिला माणूस आत जातो.

कुठल्या भागातलं तिकीट घ्यावं? बसायच्या जागेपेक्षा मैदानातली उभी जागा, जिला जीए म्हणतात, ती घ्या. रॉक बसून ऐकायचं संगीत नव्हे. गुडघे दुखत असतील तर स्टेडियमची खालची पायरी. मंचापुढचा महागडा फॅन पिट पहिल्या खेपेला नको. का, ते पुढे येतंय.

गाणी आणि पिशवी

दौऱ्यावरचा बँड रोज जवळपास तीच गाणी त्याच क्रमानं वाजवतो. सेटलिस्ट डॉट एफएमवर आधीच्या शहरांतल्या याद्या मिळतात. काहींना हे आधी कळलेलं आवडत नाही. मला विचाराल तर बघावी, कारण नव्या अल्बममधली जी चार गाणी तुम्ही टाळत आलात तीच तिथे वाजणार असतात, आणि अनोळखी गाण्यात चाळीस हजार लोक गात असताना आपण गप्प उभं राहणं फार वाईट. पंधरा दिवस ती चार गाणी ऐका. मुख्य बँडच्या आधी वाजवणाऱ्याची दोन गाणीही ऐकून ठेवा, बिचाऱ्याकडे कुणी बघत नसतं.

कपड्यांचं फार बोलण्यासारखं नाही. काळा टी-शर्ट, जुने बूट. चप्पल नको, पायावर पाय पडतो. मेमध्ये मुंबईत असेल तर सुती घाला आणि हौसेचं जाकीट घरी ठेवा.

पिशवी लहान. पाण्याची बाटली, छत्री, परफ्यूम, लायटर, सेल्फी स्टिक, मोठा कॅमेरा हे गेटवर काढून घेतात, काही ठिकाणी पॉवर बँकसुद्धा. आईनं दिलेला भडंगाचा डबाही आत जात नाही, तो बाहेरच संपवा. यादी तिकिटाच्या पानावर असते आणि ती खरोखर वाचायची असते. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. किमान वयाची अट प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी, आणि दारूच्या काउंटरवर वय बघतातच. महाराष्ट्रात बिअरला 21 आणि कडक दारूला 25.

कान

हा भाग वगळू नका. "गणपतीत डॉल्बीपुढे नाचलोय, आम्हाला काय आवाजाचं सांगता" असं म्हणणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. पण मिरवणुकीत डॉल्बी पुढे सरकते, आपण बाजूला होतो. इथे दोन-तीन तास एका जागी उभं राहायचं असतं. आवाज 85 डेसिबल असेल तर आठ तास चालतो, असा कामगारांसाठीचा सर्वमान्य हिशोब आहे, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी सरासरी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, आणि मंचापुढे ती सहज ओलांडली जाते.

उपाय स्वस्त आहे. फोमचे इअरप्लग. मेडिकलमध्ये मिळतात, किंवा कुपवाड एमआयडीसीत प्रेसवर काम करणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याच्याकडे पडलेलेच असतात. घालायची रीत मात्र नीट समजून घ्या, कारण बहुतेकजण नुसता कानात टेकवतात आणि मग "काही फरक नाही" म्हणतात. प्लग दोन बोटांत वातीसारखा वळून बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरनं घेऊन कानाची वरची कड वर आणि मागे ओढायची, म्हणजे कानाची नळी सरळ होते. तेवढ्यात प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटानं अर्धा मिनिट दाबून धरायचा. आपलाच आवाज आपल्याला हंड्यात बोलल्यासारखा आला की नीट बसला. घरी दोनदा करून बघा. गाणं कमी ऐकू येईल ही भीती खोटी आहे. उलट झांजांचा किचाट कमी होतो आणि गायकाचे शब्द वेगळे कळायला लागतात. थोडे जास्त पैसे टाकायची तयारी असेल तर वादकांसाठीचे, सगळे स्वर सारखे उतरवणारे प्लग मिळतात, ते त्याहून छान.

गेटवर

कार्यक्रमाच्या दोन-तीन तास आधी पोचा. बाहेर पोटभर जेवा, आतलं खाणं महाग आणि रांगेचं. एकदा आत गेलं की बाहेर येऊन परत जाता येत नाही.

गेटजवळ नेटवर्क मरतं. हजारो फोन एकाच टॉवरला लटकलेले असतात. तिकीट आधीच उघडून ठेवा. काही तिकिटांवरचा क्यूआर सारखा बदलतो, तिथे स्क्रीनशॉट चालत नाही. आत शिरताच पहिलं काम म्हणजे चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरवणं, आणि ती जागा "स्टेजच्या डावीकडे" अशी मोघम नको. अमुक नंबरचं गेट, अमुक पाण्याचा स्टॉल, असं नेमकं. व्हॉट्सॲप लागत नसलं तरी साधा एसएमएस कधी कधी जातो.

महोत्सवात बऱ्याच ठिकाणी मनगटाच्या पट्ट्यातच पैसे भरून खरेदी करावी लागते. लागतील तेवढेच भरा, उरलेले परत मागायची पद्धत आणि मुदत वाचून घ्या. बँडचा टी-शर्ट घ्यायचा असेल तर आत शिरल्या शिरल्या घ्या, शेवटी फक्त एक्सएस आणि ट्रिपल एक्सएल उरतात.

उभं कुठे राहायचं

नवखा माणूस सगळ्यात पुढे धावतो. सगळ्यात पुढे आवाज चांगला नसतो. तिथे मंचाखालचे मोठे बास आणि ड्रमचा कच्चा दणका इतका असतो की गाण्याचं सूत हाती लागत नाही. मुख्य स्पीकर, मंचाच्या दोन्ही बाजूंना केळीच्या घडासारखे लटकणारे, ते आवाज तुमच्या डोक्यावरनं मागे फेकतात. मैदानाच्या मधोमध एक तंबूवजा चौथरा दिसेल, तिथे मिक्सिंगचं टेबल आणि साउंडवाला बसलेला असतो. तो जे ऐकतो त्यावर सगळा आवाज लावलेला असतो. त्याच्या थोडं पुढे, मधल्या रेषेत उभे राहा. तिथलं तिकीट स्वस्त आणि ऐकणं सगळ्यात उत्तम, असा योग फार कमी धंद्यांत येतो.

फार मागे गेलात तर वेगळीच गंमत होते. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर धावतो. शंभर मीटर मागे उभ्या माणसाला ड्रमरचा हात पडलेला आधी दिसतो आणि ठोका जवळजवळ एक तृतीयांश सेकंदानं ऐकू येतो. म्हणून मैदानात मागे जे जादा स्पीकरचे मनोरे असतात त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, नाहीतर एकच ठोका दोनदा ऐकू आला असता. अशा मनोऱ्याच्या अगदी पायथ्याशी मात्र थांबू नका.

आधीचा बँड उतरला की अर्धा-पाऊण तास काहीच घडत नाही असं वाटतं. लोक फोन काढतात, पाण्याला जातात. मी म्हणेन, हेच बघा. अर्ध्या अंधारात काळ्या कपड्यांतली माणसं वाकून फिरत असतात, कुणाच्या तोंडात टॉर्च. ड्रमवरचं काळं कापड निघतं. एकजण प्रत्येक ड्रमवर तोच तो ठोका दहा-वीसदा मारत राहतो आणि लांब चौथऱ्यावरचा साउंडवाला तो ऐकत असतो. दुसरा गळ्यात एकेक गिटार अडकवतो, सूर लावतो, दोन सुरावटी छेडतो, स्टँडवर ठेवतो, पुढची उचलतो. प्रत्येक माइकवर "चेक, वन, टू". मग कुणीतरी पायाशी पांढरा कागद चिकटपट्टीनं लावून जातो, तीच आजची यादी. तंबोरे जुळेपर्यंत निवांत बसणाऱ्या मिरजेच्या श्रोत्याला हा वेळ जड जाऊ नये. कागद लागले आणि मंचावरचा शेवटचा माणूस आत गेला, की पाण्याच्या रांगेत असाल तर ती सोडून जागेवर या. आता दिवे जाणार.

गर्दी

फॅन पिटमध्ये, विशेषतः मेटलला, मधे गोल रिकामा होतो आणि पोरं एकमेकांवर आदळायला लागतात. याला मॉश पिट म्हणतात. बाहेरनं मारामारी वाटते, पण तिला कायदा आहे. कोपर नाही, मूठ नाही, आणि कुणी पडला की आजूबाजूच्या सगळ्यांनी थांबून त्याला उचलायचा. चष्मा पडला तर हात वर करून उंच धरतात. नको असेल तर त्या गोलापासून चार-पाच माणसं लांब उभे राहा, तेवढं पुरतं.

खरी काळजी वेगळ्या गोष्टीची. मागनं रेटा आला आणि हात हलवायला जागा उरली नाही, तर ती मजा नव्हे. दोन्ही हात छातीपुढे आडवे धरा, बॉक्सर धरतो तसे, म्हणजे श्वासाला जागा राहते. रेट्याच्या उलट जोर लावू नका. लाट ओसरली की तिरकं, कडेच्या बाजूला सरका. कठड्याला चिकटलेल्यांनी गरगरलं तर समोरच्या सुरक्षारक्षकाला हात करावा, तो उचलून पलीकडे घेतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मोबाइल पुढच्या खिशात.

मुलींना मुद्दाम सांगतो, तपासणीची रांग वेगळी असते, ती विचारून घ्या म्हणजे उगीच मोठ्या रांगेत अर्धा तास जात नाही. मैदानात चौघी-पाचजणींचा गट साउंडवाल्याच्या चौथऱ्याच्या बाजूला मोकळा नाचू शकतो. कुणी त्रास दिला तर आजूबाजूच्या अनोळखी लोकांना मोठ्यानं सांगा, ही गर्दी सहसा तुमच्या बाजूनं उभी राहते. सुरक्षारक्षकही गाठा.

फोनवर चित्रण करायचंच तर एखाद्या गाण्याचं करा. फोनचा माइक इतका बास पेलत नाही, घरी ऐकाल तेव्हा फाटक्या कागदाची फरफर ऐकू येईल. शिवाय तीन तास हात वर धरल्यावर बॅटरी संपते, आणि कळंबोलीच्या गाडीचं तिकीट त्याच फोनमध्ये असतं.

बँड गेला तरी थांबा

आपल्या मैफिलीत भैरवी झाली की उठायचं हे सगळ्यांना माहीत. इथे उलट आहे. बँड "गुड नाइट मुंबई" म्हणून आत जातो, दिवे मंद होतात, नवखे लोक गेटकडे पळतात. सगळ्यात गाजलेलं गाणं अजून व्हायचं असतं. त्याला एन्कोर म्हणतात. लोक ओरडत राहतात, पाच मिनिटांनी बँड परत येतो आणि आणखी दोन-चार गाणी होतात. खरा शेवट ओळखायचा कसा? मैदानातले पांढरे दिवे पूर्ण लागतात, स्पीकरवर रेकॉर्ड केलेलं कुठलं तरी गाणं सुरू होतं, आणि तीच काळ्या कपड्यांतली माणसं वायरी गुंडाळायला येतात. तोपर्यंत हलू नका. अपवाद एकच, गाडीची वेळ खरोखरच अडचणीची असेल तर शेवटच्या गाण्याच्या सुरुवातीला गेटजवळ सरका आणि तिथनं ऐका. दहा मिनिटांच्या फरकानं तासाभराची गर्दी चुकते.

गाडी गाठायची नसेल तर उलट करा. मैदानातच पंधरा-वीस मिनिटं रेंगाळा, पाणी प्या, गर्दी ओसरू द्या. बाहेर पडल्यावर गेटसमोर ओला-उबर बोलावू नका, भाडं तिप्पट दिसतं आणि गाडी आत येतच नाही. पंधरा मिनिटं स्टेशनच्या दिशेनं चाला. लोकलचं परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवलेलं असू द्या.

ट्रॅव्हल्समध्ये बसल्यावर प्लग काढलात की कान बधिर वाटतील, बारीक शिट्टी ऐकू येईल. झोपून उठल्यावर बहुतेकांची जाते. त्या दिवशी इअरफोन लावून तीच गाणी पुन्हा ऐकायचा मोह आवरा, कानाला शांतता लागते. शिट्टी दोन-तीन दिवसांनी तशीच असेल, किंवा एका कानानं कमी ऐकू येत असेल, तर घरगुती तेल घालत बसू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे लगेच जा आणि किती तास, किती पुढे उभे होतात ते खरं सांगा.